खालांच्या भावाचे कपडे

त्या दिवशी दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. भाजीच्या पिशव्या शेजारी टेकवून मी जिन्यातच बसले होते आणि नाशिकला आईशी फोनवर बोलत होते. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. काळा अबाया, डोक्यावर बारीक फुलांची ओढणी. माझा फोन होईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ये बाय, बस. पाणी पी."

मी चकित झाले. इतकी वर्षं कतारमध्ये काढली, पण अरब बाईच्या तोंडून मराठी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला मराठी येतं?"

"एवढंच येतं," त्या हिंदीत म्हणाल्या आणि हसल्या.

त्या येमेनमधल्या एडनच्या. लहानपण तिथल्या क्रेटर भागात गेलं, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेल्या गावात. वडील मुंबईहून कापड मागवून विकायचे, त्यामुळे घरात अरबीबरोबर जुन्या मुंबईचं हिंदी चालायचं. त्यांच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. नवरा बंदरात कारकून होता. त्याची बायको या लहान मुलीला हाक मारून घरात घ्यायची, "ये बाय, बस," आणि हातावर काहीतरी खायला ठेवायची. मराठीतलं तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं, आणि त्यांनी मला शेवटपर्यंत 'बाय'च म्हटलं. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले.

माझा नवरा गॅस कंपनीत, पहाटे निघून जातो. मुलगी शाळेच्या बसमध्ये बसली की घर रिकामं. माझी नोकरी भारतातच सुटली होती. त्यामुळे सकाळचा तासभर मी खालांकडे जाऊ लागले. त्यांचा चहा आपल्यासारखाच, दूध आणि वेलची घालून उकळलेला. लोणच्याला त्या 'अशार' म्हणायच्या. मी म्हटलं, हा तर आमचा अचार. तर म्हणाल्या, "तुमचा कसला? आमचा आहे."

एक गोष्ट मला बरेच दिवस कळली नाही. एडनबद्दल काही सांगायचं असलं की त्या आधी उठून टीव्हीचा आवाज मोठा करायच्या. इतका मोठा, की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. मला वाटलं, म्हातारपणी ऐकू कमी येत असेल. त्यांचा मुलगा इथे एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आहे. मी त्याला म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला, "अम्मीला सगळं ऐकू येतं. तिकडे घरात बोलायचं असलं की आधी रेडिओ मोठा करायचे. ती सवय आहे."

दुसरी गोष्ट त्याहून आधीच माझ्या डोळ्यासमोर घडली होती. एसी दुरुस्त करायला एक बांगलादेशी माणूस आला होता. बिल्डिंगचा अरब चौकीदार त्याला जिन्यातून ओरडला, "यल्ला रफीक, यल्ला!" इथे आपल्याकडच्या कुठल्याही कामगाराला लोक 'रफीक' म्हणतात. यल्ला म्हणजे चल; रफीक म्हणजे मित्र, सोबती, आणि कॉम्रेडलाही अरबीत हाच शब्द. कुणाच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण खालांनी ओठाशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली.

"खाला, काय झालं?"

"आमच्याकडे या शब्दाने माणसं नेत असत," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढचं सगळं मला एका दिवसात कळलेलं नाही. दोन-तीन वर्षांत, चहाच्या कपांमधून तुकड्यातुकड्याने कळलं. इथे ते ओळीने लिहिते.

त्याआधी माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझे वडील नाशिकला युनियनचे कार्यकर्ते होते. बँकेत नोकरी, आणि नोकरी सुटली की लाल झेंडा. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून मोर्चे पाहिले आहेत. त्या झेंड्याखाली मला कुणी कधी घाबरवलं नाही. शेंगदाणे दिले, गाणी शिकवली. म्हणून खाला 'ते लाल झेंडेवाले' म्हणाल्या की मला ते टोचायचं. मी ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

इंग्रज गेले तेव्हा खाला शाळेत होत्या. त्याआधीची काही वर्षं क्रेटरच्या गल्ल्यांत रोज गोळीबार. आधी इंग्रजांशी, मग इंग्रज निघणार हे नक्की झाल्यावर आपसात. इंग्रजांना घालवणाऱ्या दोन संघटना एकमेकांवर उठल्या होत्या. खालांचा मोठा भाऊ त्यातल्या जिंकलेल्या बाजूला होता. बंदरात कामाला लागलेला, तिथल्या युनियनमधला तरुण मुलगा, वाचणारा, मोठमोठ्याने हसणारा. स्वातंत्र्याच्या दिवशी तो घरी आला तेव्हा आईने त्याच्या डोक्यावर मूठभर तांदूळ उधळले.

मग बंदर ओस पडलं. जहाजं येईनात. वडिलांच्या दुकानात कापड येईना. आणि हळूहळू नवं, लाल झेंड्याचं सरकार घरांत शिरायला लागलं. खाला म्हणायच्या, आधी सगळं चांगलंच होतं. खरोखर चांगलं. मुलींना शाळेत घातलं. म्हाताऱ्या बायकांना अक्षरं शिकवायचे वर्ग निघाले, आणि खाला स्वतः विशीच्याही आत असताना तिथे शिकवायला जायच्या. चेहऱ्यावरचा बुरखा काढून. वडिलांनी त्यांचं लग्न एका वयस्क चुलतभावाशी ठरवलं होतं. नव्या कायद्यात मुलीचा होकार लागायचा. खालांनी नाही म्हटलं, आणि लग्न मोडलं.

"हे मला त्यांनी दिलं," त्या म्हणायच्या. "हे मी विसरत नाही. नाहीतर गोष्ट खोटी होईल."

त्याच सुमारास घरांचा कायदा आला. एका कुटुंबाला एक घर. भाड्याने दिलेलं सगळं सरकारचं. त्यांची इमारत वडिलांनी बांधलेली होती: खाली दुकान, मध्ये स्वतःचं घर, वर रत्नागिरीवाल्यांचं भाड्याचं. निर्णय सांगायला मोहल्ल्याच्या समितीची माणसं आली. त्यांच्यात पुढे भाऊच होता. त्याने कागद उघडला आणि वाचायला लागला. पण आवाज फुटेना.

वडील खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "जोरात वाच. तुझी आई आत आहे, तिला ऐकू गेलं पाहिजे."

भावाने जोरात वाचलं. मग तिथेच, त्याच घरात, जेवायला बसला. आईने त्याला वाढलं. वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, आणि ते फार दिवस जगलेही नाहीत.

दुकानाच्या जागेत समितीचं ऑफिस आलं. प्रमुख म्हणून बसली ती पूर्वी त्यांच्याकडे कपडे धुवायला येणारी बाई. तिला अक्षरं खालांनीच शिकवली होती. बाई वाईट नव्हती, खाला म्हणायच्या. पण कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे मटण शिजलं, हे तिला वर सांगावं लागायचं. नाही सांगितलं तर तिचं काय, हे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवसांपासून घरात रेडिओ मोठा झाला. आई स्वयंपाकघरात बोलायची ती नळ सोडून. शेजारणी एकमेकींकडे यायच्या बंद झाल्या. मासळीसाठी रांग, पिठासाठी रांग, आणि रांगेत कुणी कुणाशी बोलायचं नाही. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी मिरवणूक असायची. तिथे गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी ती बाई दारात येऊन विचारायची, "तब्येत बरी नाही का?"

पुढे परदेशी माणसांशी बोलायलाही बंदी आली. वरचे रत्नागिरीवाले आता परदेशी झाले होते. ते भारतात परत जायला निघाले त्या दिवशी रत्नागिरीची ती बाई ट्रंकेमागून जिना उतरत होती, आणि खाला पाण्याचं भांडं घेऊन वर येत होत्या. खाली समितीच्या दारात माणसं उभी होती. दोघी एकमेकींजवळून गेल्या. दोघींनी खाली पाहिलं. "तिच्या पातळाचा काठ माझ्या हाताला लागला," खाला म्हणाल्या. "एवढंच."

आणि मग भाऊ.

पक्षात वर कुणाचं तरी कुणाशी बिनसलं. ज्या पुढाऱ्याच्या बाजूने भाऊ होता, तो पडला. शुक्रवारची दुपार होती. भाऊ जमिनीवर बसून मासे-भात खात होता. दोन ओळखीची माणसं दारात आली. एक म्हणाला, "रफीक, जरा चल. थोडं काम आहे."

"हात धुवून येतो," भाऊ म्हणाला.

"आल्यावर धू."

तो तसाच गेला. खरकट्या हाताने. आईने ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ते तिने कुणाला उचलू दिलं नाही.

कुठे ठेवलंय ते कुणी सांगेना. विचारायचं तरी कुणाला? शेवटी खालच्या समितीतल्या त्याच बाईने आईच्या कानात एका तुरुंगाचं नाव सांगितलं. आई आणि खाला तिथे जाऊ लागल्या. भेट मिळायची नाही. पण दारावरचा पहारेकरी कपड्यांचं गाठोडं घ्यायचा. नाव विचारायचा, मान हलवायचा आणि आत न्यायचा. बाहेर उभ्या असलेल्या बायकांना एवढं पुरे होतं. घेतलं, म्हणजे माणूस आहे.

मळलेले कपडे परत मिळत नसत. आईने एकदा विचारलं तेव्हा पहारेकरी म्हणाला, "इथेच धुतात."

एकदा तो स्वतःहून म्हणाला, "पुढच्या वेळी मोठ्या मापाचे आणा. हे त्याला घट्ट होतात."

हे सांगताना खालांचा आवाज बदलायचा. कारण त्या दिवशी आई रस्त्याने जवळजवळ पळत घरी आली होती. "जाड झालाय! खायला घालतायत त्याला!" तिने वडिलांचे जुने सदरे उसवले, कापड जोडून नवे शिवले, काखेत ऐसपैस. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा पोटभर जेवली. त्यानंतर कित्येक वर्षं ती मोठ्या मापाचेच शिवत राहिली. शिवता शिवताच म्हातारी झाली आणि गेली. मग गाठोडं घेऊन एकट्या खाला जायच्या.

पुढे खालांचं लग्न झालं, त्यांच्या पसंतीने. नवरा कतारला कामाला आला, पण त्यांना बाहेर पडायची परवानगी मिळेना. मुलगा लहान होता तेव्हा पक्षातलेच दोन गट शहरात रणगाडे घेऊन एकमेकांवर तुटून पडले. त्याच्या आदल्या संध्याकाळी समितीतली ती बाई वर आली होती. पूर्वी कपडे धुवायला यायची तशी, मागच्या दाराने. म्हणाली, "पोराला घेऊन निघ. आता मला काही विचारू नकोस." खाला बोटीने समुद्रापलीकडे जिबूतीला गेल्या आणि तिथून पुढे बऱ्याच खटपटीने दोह्याला, नवऱ्यापाशी. ती बाई त्या लढाईत तिच्याच ऑफिसात मारली गेली, हे त्यांना इथे आल्यावर कळलं.

मी खालांना ओळखायला लागले तेव्हाही त्या भावाबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. त्याला आंबट आवडतं. तो चिडला की कान लाल होतात. त्यांचा मुलगा मान खाली घालून ऐकायचा.

गेल्या हिवाळ्यात हा मुलगा मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "भाभी, एक माणूस आलाय. इथे अल सद्द भागात त्याची मुलगी राहते, तिच्याकडे डोळ्यांच्या उपचारांना आलाय. मामाबरोबर समितीत होता. अम्मीला सांगू की नको?"

मी म्हटलं, "तुमची अम्मी आहे. तुम्ही ठरवा."

त्याने सांगितलं. खाला म्हणाल्या, "बोलव त्याला." आणि मला म्हणाल्या, "बाय, तू पण बस. पाहुणी समोर असली की मी रडत नाही."

तो आला. उंच, वाकलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगी त्याला दारापर्यंत सोडून खाली गाडीत थांबली. मला वाटलं होतं, कुणीतरी भयंकर माणूस असेल. पण तो सोफ्याची कड चाचपत बसला, आणि चहात साखर घालू नका म्हणाला, डायबेटिस आहे. मला जुजबी अरबी कळतं. बाकीचं खालांचा मुलगा माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत होता.

बराच वेळ ते क्रेटरमधल्या कुठल्या दुकानात काय मिळायचं ते बोलले. कोण मेलं, कोण कैरोला आहे. आता तिथे काय चाललंय, वीज किती वेळ असते. मग खालांनी विचारलं, "माझा भाऊ कुठे आहे?"

त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कुणी?"

त्याने कप चाचपून दूर सरकवला. मग म्हणाला, "तो तुरुंगात गेलाच नाही. त्याच आठवड्यात संपला. गावाबाहेर, मिठागरांच्या बाजूला. आठ-दहा जण होते."

"तू होतास?"

"मी गाडीत होतो. खाली उतरलो नाही." तो म्हणाला, "न जाऊन चाललं नसतं. आम्ही सगळे तरुण होतो. आम्हाला वाटत होतं, हे एवढं झालं की पुढे सगळं सुरळीत होईल."

खाला त्याच्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील, त्याला घराबाहेर काढतील. त्यांचा मुलगाही अर्धवट उठला होता. त्या म्हणाल्या, "मग मोठ्या मापाचे शर्ट कुणाला लागत होते?"

त्याला कळलं नाही. खालांनी पुन्हा सांगितलं. आई, तुरुंगाचं दार, गाठोडं, पहारेकरी, घट्ट होतात. त्या सावकाश सांगत होत्या. नकाशा समजावून द्यावा तसं. तो ऐकत गेला. मग त्याने काळा चष्मा काढला. आत डोळे लाल होते, पाणी गळत होतं, पण ते आजाराचं होतं की काय, मला सांगता येणार नाही.

"तो दारावरचा माणूस जाडा होता," तो म्हणाला. "मला आठवतो."

खाला उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण त्या खजुराची ताटली घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर ठेवली. "खा," म्हणाल्या. "घरी आलायस." त्याने एक उचलला. हातातच धरून बसला. जाताना मुलाने त्याला जिन्यातून खाली नेलं. लिफ्ट चालू होती, पण कुणालाच ते सुचलं नाही.

मी खालांजवळ बसून राहिले. त्या म्हणाल्या, "आई सुखात गेली, बाय. तिला वाटत होतं, तो जाड झालाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, मशिदीत भावासाठी नमाज पढायला सांग, आणि घरात दुखवटा पाळ. तीन दिवस बायका येत होत्या. मीही ओढणी घेऊन जाऊन बसले. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. नव्याने आलेली एखादी बाई दारात विचारायची, "कोण गेलं?" खाला म्हणायच्या, "माझा मोठा भाऊ." "अल्ला रहम करे. कधी?" यावर आसपासच्या बायका एकमेकींकडे पाहायच्या. खाला म्हणायच्या, "मला मंगळवारी कळलं."

त्या शुक्रवारी मी नाशिकला फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. ते आता थकलेत, ऐंशीला आलेत, पण कुणी लाल झेंड्याबद्दल वाकडं बोललं की अजून तावातावाने वाद घालतात. मी तयारीनेच बोलत होते. म्हटलं, ते म्हणतील, तिथली परिस्थिती वेगळी होती, इंग्रजांनी काय ठेवलं होतं तिथे, दुसऱ्या देशांनी काय केलं. हे सगळं त्यांनी मला पूर्वी सांगितलेलं आहे, आणि ते खोटंही नाही.

बाबा बोलले नाहीत. फोन कट झाला की काय म्हणून मी "हॅलो" म्हटलं.

"आहे मी," ते म्हणाले. "काय काम करायचा तो?"

"बंदरात होता. युनियनमध्ये."

"हं." मग म्हणाले, "आम्हाला तिकडची मासिकं यायची. त्यात शाळेच्या मुलींचेच फोटो असायचे."

"त्या शाळा खऱ्या होत्या, बाबा. खाला स्वतः शिकवायच्या."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत खालांच्या मुलाने दोह्याबाहेर अल वक्राला घर घेतलं, समुद्राजवळ, तळमजल्याचं, त्यांना जिने नकोत म्हणून. मी मधूनमधून जाते. त्या पूर्वीसारखं बोलत नाहीत. मी काही विचारलं की उत्तर देतात, आणि मग थांबतात. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, परिस्थिती सुधारली की अम्मीला एडनला नेईन, मिठागरांच्या बाजूला ती जागा शोधू. खाला तिथेच बसल्या होत्या. "तिथे आता घरं झाली आहेत," त्या म्हणाल्या. "त्या माणसाने जाताना जिन्यात तुला सांगितलं, मी दारात होते. लोक राहतात तिथे. त्यांना कशाला सांगायचं?"

मुलाने मग पुन्हा तो विषय काढला नाही. आम्ही चहा प्यायलो. बाहेर दमट वारा सुटला होता, आणि मला मुलीच्या शाळेची बस यायच्या आत ओल्ड एअरपोर्टला पोहोचायचं होतं, म्हणून मी उठले.